पाटी आणि वही

इतिहास म्हटला की तख्ते, तह आणि तलवारी यांची अपेक्षा धरूनच श्रोते मंडपात येऊन बसतात, आणि त्यात वावगे काहीच नाही. परंतु आज आम्ही ज्या राज्याचा इतिहास सांगणार आहोत, ते राज्य नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांवर वसते, बटण दाबले की मिनिटाभरात उभे राहते आणि वीज गेली की मागे एकही शिलालेख न ठेवता लयाला जाते. संगणकाचा सारा कारभार केवळ त्याच्या चालत्या स्मरणातून हाकणे, हा आजचा विषय होय. विषय यंत्राचा दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटात एक जुनाच प्रश्न दडला आहे. काय लक्षात ठेवावे, काय विसरावे, आणि ते ठरवावे कोणी?

विषयात शिरण्यापूर्वी एक साधी खूणगाठ बांधून घेऊ. दगडी पाटी ज्यांनी वापरली आहे असे पुष्कळ श्रोते येथे असतील. पाटीवर गणित मांडायचे, गुरुजींना दाखवायचे आणि ओल्या फडक्याने पुसून पुढचे घ्यायचे. वहीचे तसे नाही. वहीत शाईने लिहिलेले वर्षानुवर्षे राहते. मात्र लिहायला वेळ लागतो आणि पान शोधायलाही वेळ लागतो. संगणकाजवळ या दोन्ही वस्तू असतात. रॅम ही त्याची पाटी आणि डिस्क ही त्याची वही. पाटीवरचे अक्षर गाठायला यंत्राला सेकंदाचा कोट्यांशही पुरतो. फिरत्या डिस्कवरचे पान गाठायला सेकंदाचे काही हजारांश लागतात. हा फरक सुमारे एक लाख पटींचा आहे. ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो तो या वाड्याचा कारभारी. कोणत्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, कळफलकावरचा शब्द कोठे पोहोचवायचा, छपाईला आधी कोण व नंतर कोण, हे सारे तो पाहतो. त्याचे दफ्तर एरवी वहीत असते आणि लागेल तेवढी पाने तो पाटीवर उतरवून घेतो. सकाळीच सारे दफ्तर पाटीवर उतरवून वही मिटून ठेवली तर काय होईल? या प्रश्नाचा इतिहास म्हणजेच आजचे व्याख्यान.

गंमत अशी की आरंभी यंत्राजवळ पाटीच होती. वही मागाहून आली. इंग्लंडात मँचेस्टरच्या विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी एक प्रायोगिक यंत्र उभारले. लोक त्याला कौतुकाने ‘बेबी’ म्हणत. आपल्याच स्मरणात साठवलेला प्रोग्रॅम चालवून दाखवणारे हे पहिले विद्युत्कण-यंत्र. त्याचे स्मरण केवढे, तर ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ खुणा. एवढ्यात आज एखाद्याचा पत्ताही धड मावायचा नाही. दिनांक २१ जून १९४८ रोजी १७ आज्ञांचा एक प्रोग्रॅम त्यात हाताने, एकेक खटका दाबून, भरण्यात आला. दोनच्या अठराव्या घाताचा, ती संख्या स्वतः वगळून, सर्वांत मोठा विभाजक शोधण्याचे काम होते. ५२ मिनिटे यंत्र झटत राहिले आणि १,३१,०७२ हे बिनचूक उत्तर देऊन थांबले.

या बेबीची पाटी म्हणजे दूरचित्रवाणीच्या जुन्या पडद्यासारखी एक काचेची नळी होती. तिच्या पडद्यावर विद्युत्भाराचे ठिपके उमटत आणि क्षणार्धात विरून जात. म्हणून ते विरण्यापूर्वीच वाचून पुन्हा गिरवावे लागत, आणि हे गिरवणे अखंड चालू असे. वीज बंद झाली की पाटी कोरी. विसरणे ही संगणकाची जन्मखूण आहे असे आम्ही म्हणतो, ते यामुळेच.

माणसाला अर्थातच हे विसरणे खुपत होते. पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत जे फॉरेस्टर यांनी चुंबकीय कड्यांचे स्मरण सिद्ध केले आणि १९५३ साली ते ‘व्हर्लविंड’ नावाच्या यंत्रात बसले. बारीक तारांच्या जाळीत ओवलेली ही चिमुकली कडी चुंबकत्वाने खूण धरून ठेवत. वीज गेली तरी ती पुसली जात नसे. याच जातीचे स्मरण आपल्या मुंबईतही नांदून गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला संगणक १९६० साली कामास लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याचे स्मरण २,०४८ शब्दांचे, प्रत्येक शब्द ४० खुणांचा. हिशेब केला तर ते सुमारे दहा हजार अक्षरांएवढे भरते. तेवढ्या जागेत आपल्या तरुण शास्त्रज्ञांनी जी गणिते सोडवली, त्यांची आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे.

मग विसरणे परत आले कसे? याचे उत्तर एका शब्दात देता येईल : स्वस्ताई. आय.बी.एम.चे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली असे सुचले की एक ट्रान्झिस्टर आणि विद्युत्भार साठवणारी एक इवलीशी कुपी एवढ्यावर एक खूण साठवता येईल. १९६८ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. १९७० साली इंटेल कंपनीने विद्युत्भाराच्या रूपात खुणा साठवणारी १,०२४ खुणांची चिप बाजारात आणली आणि कडी ओवण्याचे दिवस भरत आले. परंतु या कुपीला गळती आहे. तिच्यातील भार हळूहळू झिरपून जातो. म्हणून आजही आपल्या संगणकातील प्रत्येक खूण सेकंदाला निदान पंधरा-सोळा वेळा वाचून पुन्हा गिरवली जाते. मँचेस्टरच्या नळीत जे चालले होते तेच, फक्त आकार लहान आणि वेग अफाट. स्वस्त पाटी हवी तर तिचे विसरणेही पत्करले पाहिजे, हा सौदा उद्योगाने डोळे उघडे ठेवून केला.

ही विसरणारी पाटी येण्यापूर्वीच वहीचे महत्त्व वाढू लागले होते. १९६४ साली आय.बी.एम.ने ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली, आणि तिच्या कारभाऱ्यांपैकी एकाचे नावच ‘डॉस’, म्हणजे डिस्कवर राहणारा कारभारी, असे ठेवले गेले. पाटी महाग आणि लहान, म्हणून बिऱ्हाड वहीत आणि पाटीवर फक्त येणे-जाणे, असा शिरस्ता पडला. १९८१ साली आय.बी.एम.चा घरगुती संगणक निघाला तेव्हा हीच रीत त्याच्या फ्लॉपीवर आली. त्या काळी ज्यांनी हे यंत्र हाताळले त्यांना एक कटकट खचित आठवत असेल. पाटी इतकी तोकडी की मोठा प्रोग्रॅम चालू झाला म्हणजे कारभाऱ्याचा काही भाग पुसून त्याला जागा करून द्यावी लागे. काम संपले की पडद्यावर सूचना येई : कारभाऱ्याची फ्लॉपी पुन्हा घाला. घरमालकाने पाहुण्यासाठी आपली खोली सोडावी आणि पाहुणा गेल्यावर स्वतःच्याच दारात किल्ली मागत उभे राहावे, त्यातला हा प्रकार!

या कटकटीवर तोडगाही पाटीनेच दिला. पाटीचाच एक कोपरा आखून घ्यायचा आणि यंत्राला सांगायचे, ‘ही डिस्क समज.’ अशी मानीव डिस्क करण्याची सोय १९८४ साली डॉसच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबरच मिळू लागली. चतुर लोक कारभाऱ्याची नक्कल सकाळी त्या कोपऱ्यात ठेवून देत आणि मग दिवसभर फ्लॉपीची अदलाबदल वाचे. वही मिटून पाटीवर राज्य चालवण्याची कल्पना अशी सामान्य माणसाच्या टेबलावर आली.

तिला खरे घर मिळाले ते लिनक्समध्ये. हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली हा कारभारी लिहावयास घेतला आणि तो सर्वांना खुला करून दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस थिओडोर त्सो यांनी त्याला पाटीवरच्या मानीव डिस्कची जोड दिली. कारण अगदी घरगुती होते. पुष्कळांच्या यंत्रात फ्लॉपीची फट एकच असे. कारभारी फ्लॉपीवरूनच चालला तर ती फट दिवसभर अडून राहणार. तो पाटीवर उतरवून घेतला की फ्लॉपी बाहेर काढता येई आणि फट मोकळी होई. पुढे हेच तंत्र आजारी यंत्राच्या उपचारासाठी वापरात आले. यंत्राची वही फाटली, तिच्यातील कारभारी उठेनासा झाला, तर एका फ्लॉपीतून पाहुणा कारभारी पाटीवर आणायचा आणि त्याच्या हातून वही सांधायची. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत. हौशी मंडळींनी तीच फ्लॉपी निराळ्या तऱ्हेने आखून तीत १.७२ मेगाबाइटांपर्यंत हत्यारे कोंबली. गरज माणसाला किती काटकसरी बनवते, याचा हा नमुना होय.

फ्लॉपी गेली, सीडी आली. जर्मनीतील विद्युत-अभियंता क्लाऊस क्नॉपर यांनी २००० साली ‘नॉपिक्स’ नावाची सीडी प्रसिद्ध केली. सीडीची जागा ७०० मेगाबाइटांची. परंतु मजकूर दाबून बसवल्यामुळे तीत दोन गिगाबाइटांच्या आसपास सामान मावले. सीडी घालून यंत्र सुरू करावे, काम करावे आणि सीडी घेऊन निघून जावे. यजमानाच्या हार्ड डिस्कला हातही लागत नाही. पुढे तीत अशीही सोय झाली की पाटी पुरेशी मोठी असेल तर सारी सीडी आरंभीच पाटीवर उतरवून घ्यावी. आरंभाला काही मिनिटे खर्ची पडत, पण मग यंत्र असे धावे की त्याच्या मालकालाही ते आपलेच यंत्र आहे हे पटू नये.

येथे श्रोत्यांपैकी कोणी विचारील, दाबून बसवलेल्या आणि बदलता न येणाऱ्या मजकुरावर काम करायचे कसे? युक्ती अशी की छापील नकाशावर एक पारदर्शक कागद अंथरायचा. खालचा नकाशा म्हणजे मूळ कारभारी; तो कधीच बदलत नाही. आपण जे काही लिहितो, खोडतो, हलवतो ते सारे वरच्या कागदावर. पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच चित्र दिसते. हा वरचा कागदही पाटीवरच असतो. यंत्र बंद केले की कागद नाहीसा होतो आणि दुसऱ्या दिवशी नकाशा पुन्हा पहिल्यासारखा कोरा करकरीत.

या युक्तीचा सर्वांत लोकोपयोगी वापर ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी केला. २००३ साली त्यांनी ‘पपी लिनक्स’ प्रसिद्ध केले. कारभारी इतका आटोपशीर की जुन्या, टाकाऊ ठरलेल्या यंत्राच्या पाटीवरही तो सबंध मावावा. पुढे रॉबर्ट शिंगलडेकर यांच्या ‘टायनी कोअर’ने ही काटकसर टोकाला नेली, २००८-०९ च्या सुमारास निघालेला हा कारभारी दहाबारा मेगाबाइटांतच संसार थाटत असे. यंत्र रोज नव्याने, स्वच्छ उभे राहावे. वापराने साचणारा मळ त्याला लागूच नये, ही त्यामागची दृष्टी.

आता थोडे आमच्या अनुभवाचे, कारण त्यात आमचीच चूक आहे. आमच्या परिचयाच्या एका लहान वाचनालयात एक जुना संगणक गोणपाटाखाली धूळ खात पडला होता. त्याची हार्ड डिस्क निकामी झाली होती आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीहून अधिक सांगितला गेला. आम्ही मोठ्या उत्साहाने एका पेन ड्राइव्हवर पपी बसवून ते यंत्र जिवंत केले. ग्रंथपालबाईंना आनंद झाला. त्यांनी पुस्तकांची यादी यंत्रात भरावयास घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी भारनियमनात वीज गेली. वीज आली, यंत्र सुरू झाले, पण यादीतील एक ओळही शिल्लक नव्हती. पपी हा पाटीवरचा कारभारी आहे. पहिल्यांदा बंद करताना तो ‘हे सारे जतन करू का?’ असे विचारतो आणि हो म्हटले की वरच्या कागदाची घडी पेन ड्राइव्हवर ठेवून देतो. बाईंनी मात्र कामाच्या भरात यंत्र बंदच केले नव्हते. त्यामुळे तो प्रश्न विचारण्याची पाळीच आली नाही. आम्ही तर याविषयी त्यांना अक्षरानेही बजावले नव्हते.

आम्ही ओशाळून गेलो. बाई मात्र शांत होत्या. कपाटातून त्यांनी कापडी बांधणीची दाखल नोंदवही काढली आणि म्हणाल्या, “सर, यंत्र जुने असले तरी आमचे अडत नाही. पण ते विसराळू आहे, एवढे आधी सांगायला हवे होते. मी वहीत लिहिल्याशिवाय यंत्रात घालत नाही, म्हणून आज वाचले.” त्या दिवशी आम्ही जतनाची सोय करून दिली आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ बसून नोंदी पुन्हा भरल्या. पाटी कोणती आणि वही कोणती, हे माणसाला नेमके ठाऊक असले पाहिजे, हा धडा आम्ही पुस्तकातून नव्हे, त्या टेबलापाशी शिकलो.

असो. आतापर्यंत विसरणे ही उणीव होती. तिच्यावर मात करण्याच्या युक्त्या आपण पाहिल्या. एकविसाव्या शतकात मात्र ही उणीवच काहींना गुण वाटू लागली. २००९ साली ‘टेल्स’ नावाचा कारभारी प्रसिद्ध झाला. त्याच्या पूर्ण नावातच ‘विस्मरणशील’ हा शब्द आहे. तो पेन ड्राइव्हवरून उठतो, यंत्राच्या हार्ड डिस्कवर आपण होऊन काही लिहीत नाही आणि निघताना पाटी पुसून जातो. काही जपून ठेवायचेच असेल तर ते कुलूपबंद करून पेन ड्राइव्हवर ठेवता येते. पण तसे मुद्दाम सांगावे लागते. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारच्या गुप्त पाळतीचे कागद उजेडात आणले, तेव्हा लॉरा पॉइट्रस, ग्लेन ग्रीनवाल्ड आणि बार्टन गेलमन या पत्रकारांनी टेल्सचा आश्रय घेतला होता. ज्याच्या वहीची झडती होऊ शकते, त्याला पुसता येणारी पाटी हेच अभय, हे त्या प्रसंगाने जगाला दाखवले.

परंतु शस्त्र साधूच्या हाती असते तसे चोराच्याही हाती असते. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. तो अवघा ३७६ बाइटांचा. डिस्कवर त्याने एक अक्षरही लिहिले नाही. तो केवळ पाटीवर जगला, आणि दहा मिनिटांच्या आत ७५,००० च्या आसपास यंत्रांपैकी बहुतेकांना त्याने ग्रासले. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की तो नाहीसा होई. पण दार उघडेच राहिले असल्यास पुन्हा आत येई. पाटी पुसली म्हणजे घर सुरक्षित झाले, असे नव्हे.

आणि पाटी खरोखर पुसली जाते काय? २००८ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात ॲलेक्स हॅल्डरमन, एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही समजूत तपासून पाहिली. वीज तोडल्यावरही कुप्यांतील भार काही सेकंद टिकतो, असे त्यांना दिसले. मग त्यांनी धूळ उडवण्यासाठी मिळणारा हवेचा साधा डबा उलटा धरून रॅमवर फवारा मारला. तापमान उणे ५० अंशांपर्यंत उतरले आणि दहा मिनिटांनंतरही शंभरातील एकाहून कमी खुणा नष्ट झाल्या होत्या. अशी गोठलेली पाटी काढून दुसऱ्या यंत्रात बसवली की तिच्यावरच्या गुप्त किल्ल्या वाचता येत. विसरण्याची ख्याती असलेल्या वस्तूलाही थंडीत आठवण राहते, हे काव्य नसून प्रयोगशाळेतील सत्य आहे. म्हणूनच टेल्ससारखे कारभारी नुसते दिवा मालवून जात नाहीत. निघताना फडके फिरवून जातात.

आणखी एक अलीकडचा प्रसंग सांगून आम्ही समारोपाकडे वळतो. स्वीडनमधील गोटेनबर्ग शहरी ‘मुलवाड’ ही लोकांची जालावरील ये-जा खासगी ठेवण्याची सेवा देणारी कंपनी आहे. १८ एप्रिल २०२३ रोजी तेथे पोलीस झडतीचा हुकूम घेऊन आले. तुम्हांला हवी ती ग्राहकांची माहिती आम्ही साठवतच नाही, असे कंपनीने त्यांना सांगितले, आणि पोलीस काहीही न घेता परतले. ही कंपनी त्या वेळी आपली सेवायंत्रे हार्ड डिस्कशिवाय, निव्वळ पाटीवर चालवण्याच्या वाटेवर होती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते काम पुरे झाले. गुन्ह्याच्या तपासाला यामुळे अडथळा येतो, ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ती खरी आहे. तरीही जे साठवलेच नाही ते चोरीला जात नाही, विकले जात नाही आणि उद्या बदललेल्या राजवटीच्या हाती लागत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मँचेस्टरच्या त्या नळीपासून आपण किती दूर आलो! तेव्हा पाटी महाग होती, म्हणून यंत्र विसरे. आज पाटी आणि वही दोन्ही इतक्या विस्तारल्या आहेत की विसरण्याचे कारणच उरले नाही. आणि म्हणून यंत्रे सर्व काही लक्षात ठेवतात. आपण कोठे गेलो, काय विकत घेतले, मध्यरात्री काय शोधले, हे सारे आपल्याला न विचारता कोणाच्या तरी वहीत चढत असते. आपल्या संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. हक्क कागदावर आला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु हक्क बजावायचा तर आधी पाटी-वहीचा विवेक हवा.

तो विवेक आम्ही या इतिहासातून असा घेतो. वहीत जायचे ते मुद्दाम, विचारपूर्वक जावे. आणि पाटीवर राहायचे ते संध्याकाळी निःशंकपणे पुसले जावे. पपीचा कारभारी बंद होताना जो प्रश्न विचारतो, तो प्रत्येक यंत्राने विचारावा आणि त्याचे उत्तर देणारा माणूस जागा असावा. त्या वाचनालयात आजही नोंद आधी वहीत होते आणि मग यंत्रात. ग्रंथपालबाईंनी टेबलावर एक चिठ्ठी चिकटवली आहे : ‘बंद करण्यापूर्वी जतन केले का?’ त्याखाली शिसपेनीने आणखी एक ओळ त्यांनी मागाहून लिहिली आहे : ‘आणि वाचकांचे खासगी काही असल्यास, ते पुसले का?’